लाडवाएवढी भेट

लहान मुलांस काय द्यावे, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक दिसतो. पण ज्या घरात तीन भावांची मिळून सात-आठ मुले नांदतात, त्या घरातील कर्त्या माणसांस त्याचे गांभीर्य समजावून सांगावयास नको. आपण बाजारातून एक मोटार आणतो. कळ दाबली की ती धावते, दिवे लावते, गाणेही म्हणते. मूल तिच्याकडे पाहत बसते. दुसऱ्या दिवशी ते तिचे चाक उपटून आत काय आहे ते पाहते, आणि तिसऱ्या दिवशी मोटार कोनाड्यात पडून तिचे रिकामे खोके तेवढे घरभर ओढले जाऊ लागते. वडील माणसे म्हणतात, पोरांस वस्तूची किंमत नाही. आम्हांस वाटते, पोरांस किंमत फार बरोबर कळलेली असते. मोटारीने काय करावयाचे ते कारखान्यातच ठरून गेलेले असते. खोक्याचे काय करावयाचे ते मात्र अजून ठरावयाचे असते.

ज्या भेटीत मुलाने करावयाचे असे बरेचसे शिल्लक ठेवलेले आहे, अशी एक भेट आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. ती भेट म्हणजे घरी शिजवून, मळून, रंगवून केलेला मिठाच्या पिठाचा मऊ गोळा. शाळेत जाणारी मुले त्यास 'प्ले-डो' म्हणतात. आमच्या घरी त्यास नुसता 'गोळा' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तो करावा कसा हे तर सांगूच. पण तो बांधून द्यावा कसा, यात आम्हांस अधिक खुबी वाटते.

ही कल्पना परकी आहे असे मात्र कोणी समजू नये. पोळ्या लाटीत बसलेल्या आईच्या गुडघ्याशी मूल घोटाळू लागले की तिने कणकेची एक लाटी त्याच्या हातावर ठेवावी, त्याने तिची चिमणी करावी, आणि ती काळवंडलेली चिमणी तव्यावर भाजून मोठ्या अभिमानाने त्यानेच खावी, हा प्रकार कोणत्या मराठी घरात झाला नसेल? दिवाळीस अंगणात मातीचा किल्ला, पोळ्यास मातीचे बैल, हरतालिकेस वाळूची पिंड, आषाढातील दिव्यांच्या अवसेस कणकेचे दिवे. थापण्याची आणि वळण्याची ही हौस आमच्या सणावारांनीच जोपासली आहे. कारखानदारांस तिचा शोध पुष्कळ उशिरा लागला. इंग्लंडातील बाथ या गावी विल्यम हार्बट नावाच्या कलाशिक्षकाने १८९७ साली आपल्या विद्यार्थ्यांसाठी न वाळणारी माती तयार केली; तीच पुढे 'प्लॅस्टिसिन' या नावाने मुलांच्या हाती गेली. अमेरिकेतील सिनसिनाटी शहरातील गोष्ट तर त्याहून मौजेची आहे. तेथील एक कारखाना भिंतीवरचे कागद पुसण्याचा पिठाचा गोळा विकीत असे. घरे कोळशाने उबदार ठेवण्याचा तो काळ होता, आणि भिंतींवर बसणारी काजळी या गोळ्याने निघत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर कोळसा मागे पडला, भिंतींचे कागद धुता येऊ लागले, आणि गोळ्यास गिऱ्हाईक उरेना. तेव्हा कारखानदाराच्या नात्यातील के झुफॉल या बालवर्गाच्या शिक्षिकेने तोच गोळा आपल्या वर्गातील मुलांस खेळावयास दिला. मुलांनी तो सोडला नाही. आणि १९५६ साली भिंत पुसण्याचे ते साधन खेळणे म्हणून बाजारात आले. ज्या वस्तूचा मोठ्यांस उपयोग संपला, तिचा मुलांस तेथून पुढे सुरू झाला.

आता कृती. २ वाट्या मैदा, १ वाटी बारीक मीठ, २ वाट्या पाणी, २ मोठे चमचे तेल आणि २ लिंबांचा रस, एवढेच साहित्य पुरते. पाश्चात्त्य कृतींत लिंबाच्या ठिकाणी क्रीम ऑफ टार्टर घालतात. आपल्याकडे लिंबाने काम भागते. सारे जिन्नस जाड बुडाच्या पातेल्यात गारच असताना एकत्र कालवावेत, गुठळी राहू देऊ नये, आणि मग मंद आचेवर ठेवून एकसारखे ढवळीत राहावे. प्रथम ते पातळ पिठल्यासारखे दिसते, पुढे गुठळ्या होऊन बिघडल्यासारखे भासते. पण हात न थांबविल्यास थोड्याच वेळात ते कडा सोडते आणि उलथन्याभोवती गोळा होऊन फिरू लागते. ज्या हातांनी मोदकांची उकड काढली आहे किंवा वडीचा पाक पाहिला आहे, त्यांस यापुढचे सांगणे नको. गोळा परातीत काढून, हातास सोसेल इतका कोमट झाला म्हणजे चांगला मळावा, त्याचे भाग करावेत आणि प्रत्येकात खाण्याचा वेगळा रंग मळून घ्यावा. इतक्या साहित्यात बुंदीच्या मोठ्या लाडवाएवढे सात-आठ गोळे होतात.

प्रत्येक जिन्नसाचे प्रयोजन मुलांस सांगितले तर तोही एक धडा होतो. उष्णतेने पिठातील सत्त्व फुगते आणि पाणी धरून ठेवते, म्हणून शिजविलेला गोळा कच्च्या कणकेप्रमाणे सैल पडत नाही. मीठ बुरशीस दूर ठेवते. शिवाय एकदा चाटून पाहणारे मूल दुसऱ्यांदा सहसा चाटीत नाही. तेलाने गोळा हातास चिकटत नाही. हळदीने सुरेख पिवळा रंग येतो, पण तो मुलांच्या तळहातांवर व घरातील चादरींवरही येतो, हे ध्यानात ठेवावे. व्हॅनिलाचा किंवा आंब्याचा अर्क घालण्याचा मोह काही गृहिणींस होतो, तो आवरावा. जे खावयाचे नाही त्यास खाण्याचा वास देणे ही मुलाची फसवणूक आहे.

येथवर सर्व सोपे आहे. पण आमच्या घरी या गोळ्याचा जो खरा विचार झाला तो चुलीपाशी झालाच नाही. तो झाला पिठाच्या डब्यापाशी. गेल्या संक्रांतीस घरातील सर्वांत धाकट्या बाळाचे बोरन्हाण होते. शेजारपाजारची मिळून वीसेक मुले येणार होती, आणि त्यांस काही द्यावे तर असे गोळे करून द्यावेत, ही सूचना आमच्या सूनबाईंची. घरातील मुले ज्यांस मोठ्या काकू म्हणतात, आणि मुलांमागून सारे घरच म्हणते, त्या समोर तीळ निवडीत बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "पोटात जायचं ते पायदळी येणार. अन्नाशी खेळू नये ग."

सूनबाई शिकलेल्या आणि बोलण्यात चतुर. त्या म्हणाल्या, "काकू, दिव्यांच्या अवसेला आपण कणकेचे दिवे करतोच की!"

"करतो, आणि दुसऱ्या घटकेला तूप घालून खातो," काकू म्हणाल्या. "दिवा विझला तरी तो पानात येतो. तुझा हा गोळा कुठं येणार?"

या प्रश्नास उत्तर नव्हते. आम्हीही मनात दोन-तीन दाखले जुळवीत होतो; पण काकूंचे म्हणणे दाखल्यांनी खोडून निघण्यासारखे नव्हते. मग त्या आपण होऊनच सांगू लागल्या. १९७२ च्या दुष्काळात त्या दहा वर्षांच्या होत्या. सोलापूर जिल्ह्यात त्यांचे माहेर. रेशनवर अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो मिळे. घरातले खटले मोठे, आणि भाकरी मोजून थापल्या जात. "चुलीपाशी बसून मी आईजवळ चिमणी करायला पिठाची लाटी मागितली," काकू म्हणाल्या. "एरवी ती न मागता द्यायची. त्या दिवशी दिली नाही. रागावली नाही हो, नुसतं 'आज नको' म्हणाली. ते 'आज' पुष्कळ दिवस चाललं."

तिळाच्या सुपाकडे पाहत त्या हे बोलल्या, आणि विषय तेथेच राहिला. सूनबाईंनी बाजारातून पेन्सिली आणावयाचे ठरविले. दोन दिवसांनी सकाळी काकूंनीच त्यांस हाक मारली आणि विचारले, "किती पीठ लागेल म्हणालीस?" हिशेब सहा वाट्यांचा झाला. काकूंनी एकच अट घातली: जितक्या वाट्या पीठ खेळावयास, तितके किलो गहू शिध्यास, आणि तो शिधा मुलांनी स्वतः उचलून न्यावयाचा. त्याप्रमाणे घरातील मुलांनी ६ किलो गव्हांची पिशवी आळीपाळीने धरून जवळच्या एका वसतिगृहाच्या कोठीत पोहोचविली, आणि मगच पातेले चुलीवर चढले. अन्नाचे खेळणे करावे की करू नये, याचा निर्णय शास्त्रार्थाने देण्याचा अधिकार आमचा नाही. इतके मात्र आम्हांस दिसले की, ज्या मुलांनी ते गहू खांद्यावरून नेले, त्यांनी त्या दिवशी परातीतील पिठाचा कणही खाली सांडू दिला नाही. काकूंस जो धाक वाटत होता तो उपदेशाने गेला नसता. तो त्या पिशवीच्या ओझ्याने गेला. त्यांचे मन का वळले, हे आम्ही त्यांस विचारले नाही. आईने नाकारलेली ती लाटी वीस मुलांच्या हातांत पडावी असे त्यांस वाटले असेल. पण हा आमचा तर्क.

आता बांधणीकडे वळू. या बाबतीत आम्ही गुरू मानतो तो जर्मनीतील फ्रेडरिक फ्रोबेल यास. १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे त्याने लहान मुलांची जी शाळा काढली, तिलाच पुढे किंडरगार्टन हे नाव पडले. तेथील खेळण्यांस त्याने साधन किंवा उपकरण म्हटले नाही. त्याने त्यांस 'भेटी' म्हटले आणि त्यांस क्रमांक दिले. पहिली भेट लोकरीच्या मऊ चेंडूंची. तिसरी भेट म्हणजे आठ लहान ठोकळ्यांनी बनलेला एक लाकडी घन. तो सरकत्या झाकणाच्या पेटीत असे. आणि पेटी उघडण्याची रीतही फ्रोबेलने घालून दिली होती. ती मेजावर पालथी ठेवावयाची, झाकण हलकेच खालून ओढून घ्यावयाचे आणि पेटी वर उचलावयाची. म्हणजे मुलापुढे प्रथम विखुरलेले तुकडे न येता अखंड घन उभा राहतो. खेळ संपल्यावर तो घन पुन्हा जुळवून पेटीत ठेवावयाचा. भेटीचे वेष्टन हे मुलाने फाडून टाकावयाचे आवरण नसून खेळाचाच आरंभ व शेवट आहे, हा यातील मर्माचा भाग होय.

हे मर्म धरून आम्ही घरातच मिळणाऱ्या वस्तूंचा विचार केला. काचेची बरणी दिसावयास उत्तम, रंग बाहेरून दिसतात. पण लहान हातांतून ती पडली म्हणजे काचा वेचण्याचा खेळ सुरू होतो, म्हणून ती वर्ज्य. कागदात गुंडाळावे तर गोळा रातोरात वाळतो. शेवटी मान मिळाला तो श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांस. मराठी घरात हे डबे न संपणारे असतात, झाकण घट्ट बसते, आणि चार वर्षांच्या मुलास ते आपले आपण उघडता येते. गरम पाण्याने व थोड्या सोड्याने धुऊन ते दोन दिवस उन्हात ठेवावेत, म्हणजे श्रीखंडाची आठवण जाते. गोळा पूर्ण गार होण्याआधी झाकण लावू नये. आतली वाफ झाकणाला लागून पुन्हा गोळ्यावर ठिबकते, तो चिकट होतो व लवकर बुरसतो. रात्रभर ओल्या फडक्याखाली ठेवून सकाळी डब्यात भरणे चांगले. दोन रंग द्यावयाचे असतील तर मध्ये केळीच्या पानाचा किंवा तेलकट कागदाचा तुकडा घालावा. ते रंग मुले पुढे एक करणारच आणि त्यांचा मातकट तपकिरी होणारच. परंतु तो करण्याचा मान त्यांचा आहे, आपला नव्हे.

डब्यावर चकचकीत कागद चिकटविण्याचा बेत काकूंनी हाणून पाडला. त्या म्हणाल्या, "ज्याला कात्री लागते ती भेट पोराची नव्हे, कात्री आणून देणाऱ्याची." मग जुन्या सुती साड्यांचे चौकोनी तुकडे कापले, डबा मध्ये ठेवून चारी टोके वर घेतली आणि बोचक्यासारखी एकच गाठ मारली. ही गाठ काकूंनी बांधली आणि प्रत्येक वेळी घरातील सर्वांत लहान चालत्या मुलाकडून सोडवून घेतली. जी त्यास सुटली नाही ती सैल केली. खेळताना तेच फडके पुढ्यात अंथरता येते, खेळ झाल्यावर डबा त्यातच बांधून ठेवता येतो. फ्रोबेलच्या पेटीचे काम आमच्या घरी एका लुगड्याच्या तुकड्याने केले.

गाठीस एक चिठ्ठी ओवावी. तिच्या एका बाजूस ज्या मुलास भेट द्यावयाची त्याचे नाव, आणि ते देणाऱ्या मुलाच्या हस्ताक्षरात. अक्षर वेडेवाकडे असले तरी वडिलांनी ते सुधारून देऊ नये. दुसऱ्या बाजूस मोठ्या माणसांसाठी चार ओळी: यात मैदा, मीठ, तेल, लिंबू व खाण्याचा रंग आहे, हे खाण्यासाठी नाही, अमुक दिवशी केले. ही दुसरी बाजू शोभेची नव्हे. काही मुलांस गहू सोसत नाही आणि त्यांच्या आयांस हे आधी कळणे अगत्याचे असते. त्यांच्यासाठी तांदळाच्या पिठाचा गोळा वेगळा करावा, तो थोडा ठिसूळ होतो इतकेच. मीठ पुष्कळ असल्यामुळे जे मूल अजून सर्व वस्तू तोंडात घालते त्याच्या हाती हा गोळा एकट्याने देऊ नये. घरात कुत्रे असेल तर विशेष जपावे. इतके मीठ त्याच्या पोटात गेल्यास ते जिवावर बेतू शकते. आणि उरलेले अन्न गाईपुढे ठेवण्याची आपली जुनी चांगली सवय या गोळ्याच्या बाबतीत मात्र कटाक्षाने सोडावी. झाडांच्या आळ्यातही तो टाकू नये, मिठाने झाड कोमेजते.

डब्यात साचे घालावेत काय, असा प्रश्न निघाला. बाजारात हत्ती, मासा, चांदणी अशा आकारांचे पुष्कळ साचे मिळतात. आम्ही त्याविरुद्ध मत दिले. साच्यातून निघणारा हत्ती सर्व मुलांचा सारखाच असतो, आणि तो सुबक असल्यामुळे स्वतःच्या हाताने वळलेल्या हत्तीची मुलास लाज वाटू लागते. आम्ही प्रत्येक डब्यासोबत एक बोथट लाकडी काडी तेवढी दिली. तिने डोळे करता येतात, रेघा ओढता येतात, आणि तिचा कंटाळा आला तर ती हत्तीची सोंडही होते. हा विचार आपल्याकडे नवा नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी येथे बालवाडीचे जे काम सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्यासह पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर चालविले, त्यात महागड्या परदेशी साधनांच्या जागी परिसरात मिळणाऱ्या पाने, बिया, शिंपले, माती अशा वस्तूंस त्यांनी मानाचे स्थान दिले. मुलाच्या हातास काम हवे. त्या कामाची सामग्री अंगणातली असली म्हणून काम हलके ठरत नाही, हे त्यांनी आयुष्यभराच्या श्रमाने दाखविले.

बोरन्हाणाच्या दिवशी बाळाच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे व हलवा ओतला गेला, मुलांनी तो रीतीप्रमाणे लुटला, आणि मग बोचकी वाटली. किमती भेटीच्या वेळी मुलांमध्ये जी कुजबुज होते, कोणास काय मिळाले, कोणाचे मोठे, ती येथे होण्यास जागा नव्हती. फरक होता तो फक्त नावाचा. घरकामास येणाऱ्या बाईंची मुलगी दाराशी उभी होती. आपले नाव चिठ्ठीवर पाहून तिने ते दोनदा मोठ्याने वाचले, आणि मग आत येऊन इतरांच्या ओळीत बसली. तासाभराने दिवाणखान्यात साप, भाकऱ्या, विमाने, गणपती आणि ओळखू न येणारे अनेक प्राणी यांची गर्दी झाली होती. काही मातांच्या चेहऱ्यावर आपापल्या घरच्या सतरंज्यांची चिंता दिसली, ती अनाठायी नव्हती. फडके अंथरण्याचा नियम मुलांस पहिल्या दिवशीच लावावा, आणि चिकटलेला गोळा ओला असताना घासू नये, वाळू द्यावा, मग तो खरवडून निघतो.

हा गोळा चिरकाल टिकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. झाकण नीट लावल्यास काही आठवडे जातात. पावसाळ्यात मीठ हवेतले पाणी ओढते व तो ओलावतो, वैशाखात तो कडक होतो. मग तो टाकून द्यावा लागतो, आणि मूल थोडे हिरमुसते. यास आम्ही दोष मानीत नाही. कपाटात जपून ठेवलेल्या आणि म्हणून कधीच न खेळलेल्या बाहुल्या आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत. जी भेट वापरूनच संपते ती देणाऱ्याकडे पुन्हा येण्याचे निमित्त होते. आमच्याकडे तर होळीच्या सुमारास दोन मुले रिकामे डबे व घडी केलेली फडकी घेऊन दारात उभी राहिली. काकूंनी पिठाचा डबा काढण्याआधी गव्हाची पिशवी पुढे केली, आणि ती कोठे न्यावयाची हे त्या मुलांस घरातील मुलांनीच सांगितले.